वन्संचा गुडघा

माझी नणंद बसायची नाही. लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती हीच. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, जेवणसुद्धा निम्मं ओट्याला टेकून. मी सांगलीकडची. आमच्याकडे नणंदेला वन्सं म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "ये वन्सं क्या होता है? इकडे कोणी नाही म्हणत असं. सीधं ताई म्हण." पण माझ्या तोंडात वन्संच बसलं होतं, आणि पुढे त्यांनाही ते आवडायला लागलं असावं. फोनवर मैत्रिणीला "मी तर आता वन्सं आहे बाबा" असं सांगताना मी त्यांना ऐकलं आहे.

सासरचं घराणं मूळचं दख्खनचं, कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. सासरे पोलिसात होते. घरात मराठीच बोलत, पण वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कुठल्या वळणावर हिंदीत शिरायचं ते कळायचं नाही. वन्सं ह्यांच्याहून बऱ्याच मोठ्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या आणि त्याआधी स्वतः हॉकी खेळलेल्या होत्या, विद्यापीठाकडून, मग राज्याकडून. पहाटे मैदानावर जायच्या, शाळा सुटल्यावर पुन्हा मैदानावर. त्यांच्या मुली म्हणजे रिक्षावाल्यांच्या, शिपायांच्या, दूधवाल्यांच्या पोरी. त्यांतल्या काही पुढे रेल्वेत, पोलिसात नोकरीला लागल्या. वन्संच्या लेखी तेच मोठं पदक होतं.

उजवा गुडघा मात्र खेळतानाच गेला होता. ती गोष्ट त्यांनी मला एकदाच नीट सांगितली. कुठल्याशा स्पर्धेत, दगडासारख्या मैदानावर, वळताना पाय रोवला गेला आणि अंग तेवढं फिरलं. आत काहीतरी तुटल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. एक दिवस सोडून अंतिम सामना होता. संघाबरोबरच्या कुणीतरी डॉक्टर आणला, त्यानं कमरेत इंजेक्शन दिलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पूर्ण मॅच खेळले. जिंकलो." त्या म्हणाल्या, "काहीच कळून नाही राहिलं होतं गं. गुडघा जसा दुसऱ्या कोणाचा. संध्याकाळी पपईएवढा झाला."

जे थोडं तुटलं होतं ते त्या सामन्यात पुरतं तुटलं. ऑपरेशन तेव्हा झालं नाही. सासरे म्हणाले, मुलीच्या पायाला चिरा कशाला. गुडघा तसाच झिजत राहिला आणि चाळिशीतच म्हाताऱ्या बाईसारखा करकरायला लागला.

गोळी कधी सुरू झाली हे मला सांगता येणार नाही. मी घरात आले तेव्हा ती होतीच. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी एक प्लास्टिकचा डबा असायचा. त्यात बँड-एड, बाम, तापाची गोळी आणि वन्संच्या त्या पाकिटांची चळत. हरिशंकरपुरमातल्या मेडिकलवर त्या नुसत्या उभ्या राहिल्या की दुकानदार विचारायचा, "दर्दवाली?" आणि काउंटरवर ठेवायचा. चिठ्ठी कधी लागली नाही. पूर्वी कधीतरी एका हाडांच्या डॉक्टरनं पाच दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी होती ती. ते पाच दिवस वर्षानुवर्षं चालले.

सुरुवातीला सामन्याच्या दिवशी एक. मग थंडीत रोज एक. ग्वाल्हेरची थंडी हाडांत शिरते, त्यामुळे ते आम्हा सगळ्यांना साहजिक वाटायचं. पहाटे अंधारात त्या उठायच्या, दूध नसलेला चहा करायच्या आणि उपाशीपोटी त्या चहाबरोबर गोळी घ्यायच्या. अर्ध्या-पाऊण तासात पाय मोकळा व्हायचा. मग बूट चढवून स्कूटर काढायच्या. बाहेर पडताना त्या अशा ताठ असायच्या की तासाभरापूर्वी न्हाणीघरापर्यंत भिंत धरून गेलेली बाई हीच, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

गंमत अशी की मुलींच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. कुणाचा घोटा मुरगळला की बर्फ लावायचा, पट्टी बांधायची आणि घरी पाठवायचं. एकदा एका मुलीनं वडिलांची गोळी घेऊन सराव केला. तिला त्यांनी आठवडाभर स्टिकला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"मी खेळून थोडीच राहिले आहे," त्या म्हणाल्या. "मी तर फक्त उभी असते."

मग हे गेले. ऑफिसातच छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. आमची मुलगी इंदूरला शिकत होती. घरात आम्ही दोघी उरलो. मी सिटी सेंटरमधल्या एका विम्याच्या ऑफिसात नोकरी करत होते, ती रडतखडत सुरू ठेवली. बाकीचं सगळं वन्संनी अंगावर घेतलं: बँक, गॅस, नळाची दुरुस्ती, पेन्शनच्या कागदांसाठी या खिडकीतून त्या खिडकीत उभं राहणं. मला त्या काळाचं फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की संध्याकाळी घरी आले की कुकरची शिट्टी ऐकू यायची आणि त्या ओट्याशी एका पायावर भार टाकून उभ्या असायच्या. रोजची एक गोळी दोन झाली ती त्याच काळात.

पोटात जळजळ त्यांना आधीपासून होती. त्यासाठी त्या थंड दूध प्यायच्या. नंतर दम लागायला लागला. जिना चढताना थांबायच्या, चेहरा पिवळट दिसायचा. एक दिवस सहज बोलून गेल्या की शौचाला काळं होतंय, डांबरासारखं. बहुतेक दम लागतो म्हणून घेत होत्या त्या रक्तवाढीच्या गोळ्यांनी, असं त्यांना वाटत होतं. मी ऑफिसातल्या एका बाईजवळ हे बोलले. तिचा भाऊ डॉक्टर होता. तिनं तिथूनच त्याला फोन लावला, आणि तो म्हणाला, आजच दाखवा.

पोटात जखम निघाली होती आणि ती थोडी थोडी वाहत होती. रक्त चढवलं. दुर्बीण घालून तपासणाऱ्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद करायला सांगितली आणि पोटासाठी एक कॅप्सूल दिलं. वन्संनी गोळी बंद केली, अगदी प्रामाणिकपणे. मैदानावर जायच्या, पण खुर्ची मागून बसायच्या, आणि परत आल्यावर बोलायच्या नाहीत. काही महिन्यांनी मिठाच्या बरणीशेजारी पुन्हा पाकिटं दिसली. मी डबा हातात घेऊन त्यांच्याकडे पाहिलं.

"पोटाचं कॅप्सूल सोबत घेते ना," त्या म्हणाल्या. "आता पोटाची फिकीर नाही."

त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं. ते कॅप्सूल पोटाला बऱ्यापैकी सांभाळतं. त्यापलीकडे ते कशालाच सांभाळत नाही, हे आम्हा दोघींना माहीत नव्हतं.

मग रक्तदाब वाढला, पाय सुजायला लागले. त्यासाठी दुसरे डॉक्टर, फूलबागेकडचे. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहिल्या. त्यांतली एक लघवी जास्त व्हावी, अंगातलं पाणी उतरावं म्हणून होती. मी बरोबर गेले होते. त्यांनी विचारलं, "आणखी काही औषधं चालू आहेत?" वन्सं म्हणाल्या, "नाही, पोटाचं एक कॅप्सूल." त्या खोटं बोलल्या नाहीत. दुखण्याची गोळी त्यांच्या हिशेबात औषध नव्हतीच. औषधं विचारल्यावर कुणी चहा सांगत नाही, तितकीच ती रोजची होती. माझ्याही मनात त्या वेळी ती आली नाही.

ती मे महिन्याची गोष्ट. करोना सरून काही वर्षं झाली होती आणि शाळेनं पुन्हा उन्हाळी शिबिर भरवलं होतं. वन्सं निवृत्तीला आल्या होत्या. हे आपलं शेवटचं शिबिर, असं त्या कुणाला न सांगता धरून चालल्या होत्या. इथला मे म्हणजे सकाळी आठलाच डोळे मिटावे लागतात. लूचं तापलेलं वारं सुरू झालं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या मुलींना सारखं ओरडायच्या, "पानी पियो, छाँव में बैठो," आणि स्वतः उन्हात उभ्या. शिबिराच्या मध्यावर बाहेरचं काही खाण्यात आलं आणि त्यांना जुलाब लागले. तरी गेल्या. गुडघा सुजला होता म्हणून गोळ्या वाढवल्या. शिवाय मैदानावर कुणीतरी दुसऱ्या नावाची एक दिली, तीही घेतली. ती त्याच जातीची निघाली, फक्त पाकिटाचा रंग वेगळा. रक्तदाबाच्या गोळ्याही नेमानं चालूच होत्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या पलंगावर आडव्या. दुपारी आडवं होणं हेच त्यांचं नव्हे. मी कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ओठ कोरडे पडले होते.

"उलटी होऊन राहिली आहे सकाळपासून," त्या म्हणाल्या.

"पाणी पिताय ना?"

"पिते. पण वन्संला..." आणि त्या थांबल्या. स्वतःलाच वन्सं म्हणाल्या होत्या, त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "लघवीच होत नाहीये गं. कालपासून."

दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं की मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. मूत्रपिंडांची डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं मला बाजूला बसवलं आणि घरातली सगळी पाकिटं मागवून घेतली. टेबलावर ती एकेक करून मांडली आणि शांतपणे हिंदीत समजावून सांगितलं. तिचं बोलणं माझ्या शब्दांत सांगते, कारण मला ते अजून पाठ आहे.

ती म्हणाली, शरीराला कुठे इजा झाली की तिथे शरीर एक द्रव्य तयार करतं. त्यानं ती जागा सुजते, गरम होते, दुखते. ही गोळी ते द्रव्य तयारच होऊ देत नाही, म्हणून सूज उतरते आणि दुखणं थांबतं. गोळी वाईट नाही. दोन-चार दिवस, पोटात अन्न घालून, धडधाकट माणसानं घेतली तर बहुधा काही होत नाही. पण तशीच द्रव्यं शरीर इतर कामांसाठीही वापरतं. पोटाच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करायला ती लागतात. आणि अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी नळी उघडी ठेवायलाही तीच लागतात. गोळीला गुडघा कुठला आणि मूत्रपिंड कुठलं, हे कळत नाही. ती सगळीकडचं बंद करते.

"यांचं पाणी जुलाबांनी गेलं, उन्हानं गेलं आणि या गोळीनं गेलं," तिनं लघवीच्या गोळीवर बोट ठेवलं. मग रक्तदाबाच्या दुसऱ्या गोळीवर. "हिनं मूत्रपिंडातला दाब कमी झाला. अशा वेळी शरीरानं ती नळी उघडी धरायची, तर या गोळ्यांनी तेही करू दिलं नाही. तिन्ही एकत्र कधी घ्यायच्या नसतात. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी मान हलवली. कुणी विचारलंही नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. तिनं पाकिटं गोळा करून पिशवीत भरली. म्हणाली, "सगळ्यांच्याच घरात असतात ही."

काही वेळा डायलिसिस करावं लागलं. लघवी परत सुरू झाली तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनं येऊन मला बातमी द्यावी तसं सांगितलं, आणि आम्ही दोघी त्यावर हसलो, मग मला रडू आलं. पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, हे एका मे महिन्याचं नाही. वर्षानुवर्षं झिजत आलं असणार, आता जेवढं उरलंय तेवढं सांभाळायचं. मीठ कमी. आणि दुखण्याची ती गोळी, कुठल्याही नावाची, कुठल्याही रंगाची, यापुढे नाही. तापावरची साधी गोळी चालेल, तीही मोजून. ती सूज उतरवत नाही, नुसतं दुखणं थोडं बोथट करते.

घरी आल्यावर मला वन्संचा गुडघा खऱ्या अर्थानं पहिल्यांदा भेटला. इतकी वर्षं एका घरात राहून मी तो कधी पाहिला नव्हता, गोळीनं झाकलेलाच पाहिला होता; मधले गोळीबंदचे महिने त्यांनी न बोलता झाकले होते. सकाळी पलंगावरून पाय खाली सोडताना त्यांच्या तोंडून जो आवाज यायचा, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आम्ही गरम पाण्याच्या पिशव्या केल्या, गुडघ्याचा पट्टा आणला. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपीवाला मुलगा येऊ लागला, त्यानं थोडा फरक पडला. गुडघा बदलून घ्यावा म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कागद पाहून हृदयाची तपासणी करायला सांगितली. हृदयही थकलेलं निघालं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, सध्या नको, सहा महिन्यांनी बघू. सहा महिन्यांनी पुन्हा तेच म्हणाले.

मैदान सुटलं. शाळेनं छोटा समारंभ केला, शाल दिली. मुली अधूनमधून घरी यायच्या, कॉलनीच्या फाटकाशी सायकली लावून. वन्सं दिवाणावर, पाय लोडावर. एक दिवस एक मुलगी पोट धरून बसली होती, पाळी आली होती. तिनं सहज दप्तरातून पाकीट काढलं. वन्संनी हात पुढे केला.

"दिखाओ."

पोरगी घाबरली. वन्संनी पाकीट उलटंसुलटं करून वाचलं. चष्मा लावून एवढं बारीक अक्षर त्या आयुष्यात पहिल्यांदाच वाचत असतील.

"खाना खाया है?"

"नहीं, मैम."

"पहले खाओ. पानी पियो. एक दिन, दो दिन, ठीक है. हर महीने ज़्यादा दर्द हो तो डॉक्टर को दिखाना, दुकानवाले को नहीं." पाकीट त्यांनी परत दिलं. मी पोरीला पोळीभाजी वाढली. ती गेल्यावर वन्संनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "मला असं वाटून राहिलं होतं की मी ताकदवान आहे. सगळे म्हणायचे, मॅडमला दुखतच नाही."

"तुम्ही ताकदवानच आहात."

"नाही गं," त्या म्हणाल्या. "दुखतं. खूप दुखतं." आणि रडल्या. ह्यांच्या वेळीही त्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि तेल लावत बसले. तेलानं काही होत नव्हतं, ते आम्हा दोघींना माहीत होतं. पण त्यानंतर संध्याकाळी रोज बसत गेले. टीव्ही लावायचा, पाय मांडीवर घ्यायचा. त्या आपल्या सामन्यांच्या गोष्टी सांगायच्या, मी सांगलीच्या सांगायची. इतकी वर्षं एकाच ओट्यावर स्वयंपाक करून आम्ही इतकं बोललो नव्हतो.

दुसऱ्या हिवाळ्यात दम वाढला. पाय पुन्हा सुजले, रात्री दोन उशा लागायला लागल्या. डॉक्टरीण गोळ्या कमीजास्त करत राहिली. जानेवारीत धुकं उतरून ऊन पडलं की मी त्यांना अंगणात खुर्चीवर बसवत असे. अशाच एका रविवारी त्या उन्हात बसल्या होत्या, मी शेजारी मेथी निवडत होते. त्या म्हणाल्या, "थोडी शाल दे." मी आत जाऊन शाल घेऊन आले, तोवर मान कलली होती.

नंतर मी डॉक्टरणीला विचारलं, गोळ्यांनीच गेल्या का? ती म्हणाली, रक्तदाब होता, मूत्रपिंडं अधू होती, वय होतं. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर हृदयावरही ताण येतो हे खरं. पण नेमकं कशानं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तिनं खोटी समजूत घातली नाही, त्याबद्दल मी तिचे आभार मानले. पण एक कारण हाती लागलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. रागवायला तरी कुणी सापडलं असतं.

सुतकाच्या दिवसांत खाली सतरंजीवर बसून बसून माझी पाठ धरली. माझी एक आतेनणंद भोपाळहून आली होती. तिनं मला वाकून उठताना पाहिलं आणि पर्स उघडली. "घे गं, दोन मिनटात आराम पडेल." तिच्या तळहातावर गोळी होती. तिचा काही दोष नव्हता. प्रेमानंच देत होती.

मी म्हटलं, "राहू दे, थोडं पडते."

वन्संच्या खोलीत जाऊन त्यांच्या पलंगावर आडवी झाले. पाठ ठणकत होती. बाहेर बायकांचं बोलणं चालू होतं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि कुणीतरी विचारत होतं, आता ही एकटी इथे राहणार की मुलीकडे जाणार. मी कुशीवर वळले. गादीत मध्ये जो खोलगट भाग पडला होता त्यात माझं अंग आपोआप गेलं, आणि मी तशीच पडून राहिले.